कॅलेंडर फुल्ल, काम लेट

मुलुंडवरून सकाळी साडेआठच्या आसपास फास्ट लोकल पकडणाऱ्याला हे सांगायला नको, की कुर्ल्याला सिग्नल दहा मिनिटं जरी बंद पडला तरी सकाळ गेलीच म्हणून समजा, मागे ठाण्यापर्यंत गाड्यांची लाइन लागते, इंडिकेटरवर वेळ दिसते पण गाडी काही दिसत नाही. तोच सिग्नल दुपारी दोनला गेला तर? थोड्या वेळात सगळं रुळावर, बऱ्याच जणांना कळतही नाही. बिघाड तेवढाच असतो, पण सकाळी गाड्या तीन-चार मिनिटांवर सोडलेल्या असतात त्यामुळे उशीर जिरवायला मध्ये जागाच नसते.

मी एका आयटी कंपनीत डेटाचं काम करते. गेल्या वर्षी माझं कॅलेंडर सेम असंच झालेलं, दहा ते सात, अर्ध्या अर्ध्या तासाचे डबे एकाला एक जोडलेले. बाजूच्या डेस्कवरची सिनियर एकदा डोकावून म्हणाली, "अगं, तू तर चौथी सीटपण देऊन टाकलीस!" म्हणजे लोकलमध्ये तिघांच्या बाकावर दाटीवाटीने चौथा बसवतात तसं. मला तेव्हा भारी वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. पण त्याच महिन्यात जेमतेम तासाभराचा एक रिपोर्ट माझ्याकडे आठ दिवस पडून होता.

आळस नव्हता हो, गणित होतं. आणि ते शंभर वर्षांहून जुनं आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत आग्नर एर्लांग नावाचा एक गणितज्ञ होता, त्याच्यापुढचा प्रश्न असा की लोकांना ताटकळत ठेवायचं नसेल तर फोनच्या लाइनी किती लागतील, कारण फोन काय टाइमटेबल बघून येत नाहीत, कधी दहा मिनिटं शांतता आणि मग एकदम चार. त्याचा पहिला पेपर १९०९ चा, आणि रांगांचं अख्खं शास्त्र तिथून सुरू झालं.

त्यातलं सगळ्यात सोपं मॉडेल घ्या. काम करणारा माणूस एक, कामं केव्हाही येतात, काही लहान काही मोठी, सरासरी एक तासाची. दिवसाचा निम्मा वेळ भरलेला असेल तर नव्या कामाला सरासरी एक तास थांबावं लागतं. ८० टक्के भरला तर ४ तास. ९० टक्क्यांना ९ तास. आणि ९५ ला १९! म्हणजे ९० वरून ९५ ला नेताना काम घेतलं जेमतेम पाच-सहा टक्के जास्त आणि थांबणं झालं दुपटीहून जास्त. असं का होतं, तर मोकळा गेलेला वेळ साठवून ठेवता येत नाही, मंगळवारी दुपारी हात रिकामे होते म्हणून गुरुवारची गर्दी कमी होत नाही, पण गर्दीत तुंबलेलं काम मात्र पुढे सरकत सरकत साठत जातं. ऑफिसातली कामं अगदी ह्या मॉडेलसारखी येत नाहीत हे मान्य, आकडे थोडे इकडचे तिकडे होतील, पण शेवटचा चढ तसाच उभा राहतो.

हे झालं रांगेचं गणित, आणि ते असं धरून चालतं की खिडकीवर बसलेला माणूस प्रत्येक गिऱ्हाइकाला फ्रेश डोक्याने भेटतो. आपलं डोकं तसं नसतं. सोफी लेरॉय ह्या संशोधिकेने २००९ मध्ये दाखवलं की एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याला हात घातला की लक्षाचा काही भाग पहिल्यातच अडकून राहतो आणि दुसरं काम त्यामुळे बिघडतं. तिने त्याला नाव दिलं लक्षाचा उरलेला अंश, मी त्याला करपलेल्या कढईत पुन्हा फोडणी म्हणते. नंतर २०१८ मध्ये तिने आणि थेरेसा ग्लोम्ब हिने एक स्वस्तातला उपायही तपासला. काम मध्येच टाकावं लागलं तर मिनिटभर थांबून कुठे आहोत आणि परत आल्यावर पहिलं काय करायचं एवढं लिहून ठेवायचं. लिहिणाऱ्यांचं पुढच्या कामात लक्ष जास्त लागलं. मी हे करते. पिवळ्या चिठ्ठीवर, "जूनचे डुप्लिकेट काढले, जुलै बाकी, कॉलम सातमध्ये घोळ". हसतात लोक.

आणि मग जास्त तास बसायचं काय? स्टॅनफर्डच्या जॉन पेन्कावेल ह्यांनी २०१४ मध्ये पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश दारूगोळा कारखान्यांच्या जुन्या नोंदी काढून बघितल्या, कामगार बहुतेक बायका. आठवड्याला साधारण पन्नास तासांपर्यंत जितके तास तितका माल, तिथून पुढे प्रत्येक जादा तासाचा माल कमी कमी होत गेला, आणि ७० तास राबणाऱ्यांचा माल ५६ तासवाल्यांपेक्षा फारसा जास्त नव्हता. १४ तास पाण्यात. आता तोफगोळा आणि पॉवरपॉइंट एक नाही, पण गोळा निदान मोजता तरी येतो, रात्री अकराला लिहिलेल्या कोडमधली चूक तीन आठवड्यांनी सापडते आणि ती कुठल्या तासाच्या खात्यात टाकायची हे कोणाला कळत नाही.

रेल्वेला हे आपल्याआधी कळलंय असं मला वाटतं, रविवारी कितीही शिव्या पडल्या तरी मेन नाहीतर हार्बर लाइनवर मेगाब्लॉक घेऊन रूळ दुरुस्तीला गाड्या बंद ठेवतातच. मी शुक्रवारी तीन ते पाच कॅलेंडरवर 'मेगाब्लॉक' टाकून ठेवलाय. पहिल्याच शुक्रवारी मॅनेजरचा मेसेज आला, "मेन की हार्बर?" मी लिहिलं, "दोन्ही, सर."