नेपाळ : शस्त्रे कुलपात, दफ्तर जिल्ह्याच्या गावी

२१ नोव्हेंबर २००६ रोजी पंतप्रधान गिरिजाप्रसाद कोइराला आणि माओवादी नेते प्रचंड यांनी विस्तृत शांतता करारावर सह्या केल्या आणि दहा वर्षांचे यादवी युद्ध संपले. शस्त्रे कुठे ठेवायची, त्यांवर देखरेख कोणाची, हे पटापट ठरले. सरकारी कारभाराबद्दल मात्र ढोबळ आश्वासन होते : केंद्रीकृत, एकात्मक रचना मोडून राज्याची सर्वसमावेशक फेररचना करू. पुढची बरीचशी रखडपट्टी या मोघमपणातून आली.

युद्धात गावातून आधी हलला तो गाव विकास समितीचा सचिव. आपल्याकडचा ग्रामसेवकच म्हणा. माओवाद्यांनी समित्यांच्या इमारती उडवल्या, तेव्हा अनेक सचिव दफ्तर घेऊन जिल्ह्याच्या गावी जाऊन बसले. साध्या जन्मदाखल्यासाठी लोकांनी डोंगर उतरून तिकडे जायचे. त्यातच २००२ साली स्थानिक प्रतिनिधींची मुदत संपली. राजा ज्ञानेंद्र यांनी फेब्रुवारी २००६ मध्ये नगरपालिकांपुरत्या निवडणुका घेतल्या, पण मोठ्या पक्षांनी त्यांवर बहिष्कार टाकला. करारानंतरही खुर्च्या रिकाम्याच राहिल्या. मग पक्षांचे स्थानिक पुढारी ‘सर्वदलीय संयंत्र’ म्हणून एकत्र बसून निधीचे वाटप ठरवू लागले. भ्रष्टाचाराच्या तक्रारी इतक्या वाढल्या की २०१२ च्या सुरुवातीला ते बरखास्त करावे लागले.

नोकरशाहीचे दुखणे अर्थात जुने होते. राणांच्या, म्हणजे वंशपरंपरेने पंतप्रधानपद भोगणाऱ्या घराण्याच्या काळात ‘पजनी’ चाले : दरवर्षी चाकरांची यादी तपासायची आणि मर्जीतून उतरलेल्याला घरी पाठवायचे. १९५१ मध्ये राणा गेले, त्याच वर्षी लोकसेवा आयोग आला; १९५२ मध्ये बुच या भारतीय अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली प्रशासन सुधारणेची समितीही नेमली गेली. नियम आले, पण वरच्या खुर्च्यांवर बहुतेक पहाडी बाहुन, छेत्री आणि नेवार पुरुषच राहिले.

म्हणून २००७ ची निजामती (म्हणजे नागरी) सेवा कायद्यातली दुरुस्ती मला करारानंतरची सर्वात ठोस सुधारणा वाटते. त्या वर्षाच्या सुरुवातीला मधेस, म्हणजे दक्षिणेकडचा सपाटीचा प्रदेश, आंदोलनाने पेटला होता, हेही त्यामागे होतेच. खुल्या भरतीतल्या ४५ टक्के जागा राखीव झाल्या. त्यांचे पुन्हा शंभर भाग मानून महिलांना ३३, आदिवासी-जनजातींना २७, मधेसींना २२, दलितांना ९, अपंगांना ५ आणि मागास भागाला ४ असे वाटप ठरले.

२०१५ च्या संविधानाने सात प्रदेश दिले, पुढे ७५३ स्थानिक पालिका ठरल्या आणि २०१७ मध्ये निवडणुका झाल्या. नवे पालिकाप्रमुख आले, हाताखाली माणसे मात्र पुरेशी नव्हती. काठमांडू सोडून डोंगरात जायला कर्मचारी राजी नव्हते. २०१९ मध्ये लोकसेवा आयोगाने पालिकांसाठी ९,१६१ पदांची जाहिरात काढली, तर जागा पालिकानिहाय विभागल्याने एकेका पालिकेत थोड्याच जागा येऊन आरक्षणच पातळ होते, अशी ओरड झाली. संघीय निजामती सेवा विधेयक त्याच वर्षी संसदेत आले आणि पुढे मागे घेतले गेले. नव्याने आणलेले विधेयक २०२५ मध्ये प्रतिनिधी सभेने मंजूर केले, पण निवृत्त अधिकाऱ्यांना लगेच दुसरे पद देऊ नये या कलमात परस्पर फेरफार झाल्याचे उघड होऊन ते वादात सापडले. सप्टेंबरात सभाच विसर्जित झाली.