काडतूस घरी भरण्यामागचा इतिहास आणि नागपूर

परदेशातले व्हिडिओ पाहून नागपूरच्या नेमबाजांत हा विषय अधूनमधून निघतो: .३२ मापाच्या (आकडा नळीच्या इंचातल्या व्यासाचा) रिकाम्या पुंगळ्या घरी भरायच्या तर डाय, म्हणजे पुंगळी मापात आणणारा साचा, कोणता घ्यावा आणि गोळी कुठली? यातला डायचा प्रश्न दीडशे वर्षांहून जुना आहे.

विदर्भाला हाताने बार भरणे नवे नाही. ठासणीच्या बंदुकीत दारू, चिंधी आणि साच्यात ओतलेली शिशाची गोळी नळीच्या तोंडातूनच जाई. गडचिरोलीकडच्या बातम्यांत ‘भरमार’ म्हणून येते ती हीच बंदूक. पितळी काडतूस आले आणि दारू, ठिणगी देऊन ती पेटवणारी टोपी आणि गोळी एकाच पुंगळीत बसली. गोळी सुटल्यावर पुंगळी मात्र शाबूत उरते, आणि ती पुन्हा भरता येईल का हे टोपीवर ठरते. इंग्रज अधिकारी बॉक्सर आणि अमेरिकन बर्डन या दोघांच्या टोप्या १८६६ च्या सुमाराच्या. बॉक्सरच्या पुंगळीला बुडाशी मधोमध एकच भोक असते, त्यामुळे डायमधली सुई जळकी टोपी सहज बाहेर ढकलते. बर्डनची भोके बारीक आणि मध्य सोडून, तिथे ही सुई चालत नाही. गंमत अशी की इंग्रजाची टोपी अमेरिकेत रुजली आणि अमेरिकनाची युरोपात. घरी काडतुसे भरण्याचा छंद अमेरिकेत फोफावला, त्यात या अदलाबदलीचा वाटा मोठा.

बार उडाला की पुंगळी फुगते. डाय तिला मापात आणतो, तोंड किंचित फाकवतो आणि गोळी बसवून आवळतो. पोलादी डायला आधी पुंगळीला वंगण चोळावे लागे. पुढे टंगस्टन कार्बाइडची कडी आली आणि पिस्तूल-रिव्हॉल्व्हरच्या सरळ पुंगळ्यांपुरती ती कटकट गेली. आवळण्यातही भेद आहे. रिव्हॉल्व्हरची .३८ स्पेशल पुंगळी शस्त्रात बुडाच्या काठावर टेकते, म्हणून तिचे तोंड गोळीच्या खाचेत वळवले तरी चालते. १९०२ ची पिस्तुलाची ९ मिमी पॅराबेलम तोंडावरच टेकते, तिथे हलका निमुळता दाबच हवा.

आपल्याकडे सामान्य परवानाधारकाला ९ मिमी किंवा .३८ मिळत नाही, म्हणून .३२. पण त्या नावातही दोन काडतुसे आहेत: रिव्हॉल्व्हरचे एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसन) लाँग आणि ब्राउनिंगच्या पिस्तुलाचे आखूड एसीपी (ऑटोमॅटिक कोल्ट पिस्तूल). दोघांचे डाय एक समजू नयेत. २५ मीटर सेंटर फायर (बुडाच्या मधोमध टोपी असलेल्या काडतुसांच्या) स्पर्धेचे नेमबाज लाँगमध्ये सपाट तोंडाची वॅडकटर गोळी वापरतात. कागदावर तिचे भोक स्वच्छ पडते आणि गुण मोजताना वाद होत नाही.

इथे घरच्या टेबलावर हे का पोहोचले नाही, त्याचे उत्तर कायद्यात आहे. अमेरिकेत जॉन बार्लोने १८८४ मध्ये ‘आयडियल’ कंपनी काढून हातात मावणारी भरण्याची अवजारे विकायला घेतली. त्याच्या सहा वर्षे आधीच व्हाइसरॉय लिटनच्या सरकारने हिंदुस्थानात शस्त्र कायदा लावला होता. १९५९ च्या कायद्याने तो जाऊन नवा आला, पण दारूगोळा बनवायला परवाना हवाच. शिवाय त्या कायद्याच्या व्याख्येत दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रेही दारूगोळ्यातच मोडतात. म्हणजे गोळी, पुंगळी तर सोडाच, डाय आणि तो दाबणारे यंत्र, म्हणजे प्रेससुद्धा. स्फोटकांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय खात्याचे, पेसोचे, मुख्यालय तर नागपुरातच आहे. शस्त्राचा परवाना हाती असला म्हणून काडतूस भरायची मुभा मिळत नाही. इथल्या नेमबाजाची निवड तयार काडतुसांच्या पेट्यांतूनच होते.