सॉर्ट करताना रो तुटते कशी, आणि आधी का तुटत नव्हती

एक्सेलमध्ये एकच कॉलम सिलेक्ट करून सॉर्ट दाबलं की तो विचारतो, शेजारी अजून डेटा आहे, तोपण सोबत घेऊ का? हे आपल्यातलं कोणीच वाचत नाही. नोकरीला नवीन लागलो होतो तेव्हा मीही न वाचता चुकीच्या पर्यायावर टिचकी मारली, नावं मस्त ओळीने लागली आणि रकमा मात्र जागच्या जागी, म्हणजे ज्याला 800 द्यायचे त्याच्यापुढे 4500, आणि वर फाइल सेव्ह करून बंदपण केलेली. साहेब काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात राहिला, की नाव आणि रक्कम एकाच माणसाची आहे हे त्या मशीनला कळत कसं नाही.

गंमत म्हणजे आधीच्या मशीनवर ही चूक होऊच शकत नव्हती.

अमेरिकेतल्या 1880 च्या जनगणनेची मोजणी हाताने चालली होती आणि ती संपता संपता दशक संपायला आलं, म्हणून 1890 ला हर्मन होलेरिथची पंच कार्डं आली. एका माणसाचं एक कार्ड, वय, लिंग, जन्मठिकाण सगळं भोकांमध्ये. कार्ड यंत्रात दाबलं की जिथे भोक असेल तिथून पिन खाली पाऱ्याच्या वाटीत जायची, सर्किट पूर्ण व्हायचं, काटा पुढे सरकायचा आणि शेजारच्या पेटीतल्या एका खणाचं झाकण उघडायचं, मग कारकुनाने ते कार्ड त्या खणात टाकायचं आणि झाकण लावायचं. म्हणजे सॉर्टिंग अर्धं मशीनने आणि अर्धं हाताने. पण कार्ड कुठल्याही खणात गेलं तरी वय एकीकडे आणि जन्मठिकाण दुसरीकडे असं होणं शक्यच नाही, कारण आपण ज्याला रो म्हणतो ती रो म्हणजेच तो पुठ्ठ्याचा तुकडा.

पुढे कार्डं आपोआप वेगळी करणारे सॉर्टर आले, होलेरिथची कंपनी 1911 ला दुसऱ्या कंपन्यांमध्ये मिसळली, 1924 ला तिचं नाव आयबीएम झालं आणि 1928 ला 80 कॉलमचं कार्ड आलं. सॉर्टरला एका फेरीत एकच कॉलम बघता यायचा, मग तीन आकडी नंबर लावायचा कसा? तर उजवीकडून सुरू करायचं. समजा 312, 231, 132 अशी कार्डं आहेत. आधी एकक बघून लावली की 231, 312, 132. तोच गठ्ठा दशकावर फिरवला की 312, 231, 132. मग शतकावर, झालं, 132, 231, 312. अट एकच, दोन कार्डांचा आकडा सारखा असेल तर त्यांचा आधीचा क्रम मोडायचा नाही. आणि गठ्ठा हातातून जमिनीवर पडला तर? प्रोग्रामची कार्डं असतील तर 73 ते 80 या कॉलमांत क्रमांक पंच करून ठेवायची पद्धत होती, गोळा करा आणि सॉर्टरमधून काढा.

मग 1979 ला डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचं व्हिजिकॅल्क, म्हणजे एक्सेलचा पूर्वज, आलं आणि इथे सगळं बदललं. ते बनलं होतं हिशेबासाठी, एक आकडा बदलला की बाकीचे आपोआप बदलावेत म्हणून, त्यामुळे प्रत्येक सेल स्वतंत्र. रो ही फक्त आपल्या डोळ्यांना दिसणारी, आत तिला काही अस्तित्व नाही. 254 ओळी होत्या पण सुरुवातीच्या व्हिजिकॅल्कमध्ये सॉर्टची कमांडच नव्हती, ओळ उचलून दुसरीकडे ठेवायला मूव्ह होती तेवढीच. खरंतर त्या डिझाइनला धरून तेच बरोबर होतं.

पण लोक कुठे ऐकतात, त्यांनी त्यात याद्या भरल्याच. नंतर आलेल्या तशाच प्रोग्राममध्ये, मायक्रोसॉफ्टच्या मल्टिप्लॅनमध्ये सॉर्ट होतं, आणि 1983 च्या लोटस 1-2-3 ने तर डेटाबेसचं, म्हणजे याद्या सांभाळण्याचं काम हा आपल्या नावातल्या तीन आकड्यांपैकी एक धरला होता. कीबोर्डवर स्लॅश, डी, एस, मग रेंज सांगा, प्रायमरी की, म्हणजे ज्या कॉलमवर लावायचं तो, सांगा, लागलंच तर सेकंडरी, आणि गो. रेंजमध्ये हेडिंगची ओळ आली तर हेडिंगपण डेटात जाऊन बसायचं, आणि एक कॉलम बाहेर राहिला तर तो तसाच राहायचा, विचारणारं कोणी नाही. पहिल्या लोटसमध्ये अनडूपण नव्हतं. म्हणून जुनी माणसं सॉर्टच्या आधी एका कॉलममध्ये 1, 2, 3 भरून ठेवायची, म्हणजे परत मूळ क्रमावर येता येतं. तीच ती 73 ते 80 वाली युक्ती.

एक्सेलमध्ये 2003 पर्यंत तीनच की देता यायच्या, चौथी हवी तर आधी कमी महत्त्वाच्या कॉलमवर सॉर्ट करायचं आणि महत्त्वाचा शेवटी, पुन्हा कार्डवाल्यांचीच चाल! 2007 ला 64 लेव्हल झाल्या.

आपल्या मराठी याद्यांचं दुखणं अजून वेगळं. ळ मराठीत ह च्या नंतर, पण युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक अक्षराला जो नंबर दिलाय त्यात, तो ल आणि व च्या मध्ये, त्यामुळे नुसत्या कोडवर लावलं तर काळे हे काशीदच्या आधी येतात. क्रुतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये तर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, म्हणून किरण, दिलीप, निलेश सगळे एकाच गठ्ठ्यात.

रो तुटण्यावर खरा उपाय म्हणाल तर 2007 च्या टेबलने थोडा केला, रेंज टेबल म्हणून जाहीर केली की सॉर्टमध्ये सगळे कॉलम एकत्रच हलतात. आणि एक्सेलचं सॉर्ट फंक्शन, जे 2018 पासून दिसायला लागलं, ते मूळ ओळींना हातच लावत नाही, लावलेली यादी बाजूला वेगळी काढून देतं. त्यालाही रेंज देताना रकमेचा कॉलम विसरलात तर नावं तेवढी येतील, पण निदान मूळ यादी शाबूत.