मराठवाड्यातील जुन्या घरांचे काँक्रीटकाम

दगड-मातीच्या, माळवदाच्या (मातीच्या सपाट छताच्या) किंवा पन्नासएक वर्षांपूर्वी स्लॅब पडलेल्या राहत्या घरांत नंतर केले जाणारे सिमेंट काँक्रीटचे काम. माळवद उतरवून स्लॅब टाकणे, भिंतींना पट्टे घालणे, खचलेला पाया सावरणे आणि गळका स्लॅब दुरुस्त करणे ही त्यातली नेहमीची कामे. नव्या घरापेक्षा हे काम अवघड, कारण जुने घर कशावर उभे आहे हे उकरल्याशिवाय कळत नाही आणि उकरताना घरात माणसे राहत असतात.

थंड देशांत जुन्या घरांच्या काँक्रीटला गोठणारे पाणी छळते. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते, त्यामुळे काँक्रीटचे पापुद्रे सुटतात. पायाखालच्या ओल्या जमिनीत बर्फाचे थर साठून ती वर उचलली जाते. म्हणून तिथे पाया गोठणरेषेच्या खाली नेतात आणि काँक्रीटमध्ये हवेचे बारीक बुडबुडे मुद्दाम राखतात. मराठवाड्यात जमीन गोठत नाही. परभणीचा पारा एखाद्या हिवाळ्यात ५ अंशांखाली उतरला तर त्याची बातमी होते, घराच्या पायाला त्याचे काही नसते. इथे जमीन हलते ती काळ्या मातीमुळे.

माळवद आणि त्याचा भार

माळवदाच्या घरात लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, त्यावर लाकडी फळ्या किंवा किलचा, मग पाला आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर असतो. घर मोजतात ते खणांवर, म्हणजे दोन तुळयांमधल्या गाळ्यांवर. दरवर्षी मृगाआधी वर नवी माती टाकून चोपायची रीत असल्याने थर वाढत जातो. जुन्या घरांत तो दीड फुटांपर्यंत, कधी त्याहूनही जाड सापडतो. दीड फूट मातीचे वजन चौरस मीटरला सुमारे ७०० किलो भरते, तर पाच इंची स्लॅबचे ३०० किलोच्या आसपास. म्हणजे स्लॅब माळवदापेक्षा हलका असतो. "एवढं माळवद पेललं, मग स्लॅब का पेलणार नाही?" हा घरमालकाचा प्रश्न आकड्यांत चुकीचा नाही. चूक होते ती भार कुठे जातो हे न पाहिल्याने. माळवदाचा भार मुख्यतः लाकडी खांबांवर असतो. दोन-अडीच फुटांची दगडी भिंत बऱ्याच घरांत फक्त आडोशाची असते. माळवद उतरवताना खांब आणि तुळयाही निघतात (सागवानाला गिऱ्हाईक लगेच मिळते), आणि नवा स्लॅब थेट त्या भिंतीवर बसतो.

ही भिंत बाहेरून एकसंध दिसते, पण असते दोन पदरांची. आतला आणि बाहेरचा पदर दगडांचा, मध्ये चिपा आणि माती. दोन्ही पदरांना बांधणारा लांब दगड जिथे घातलेला नाही तिथे पावसाळ्यात माती भिजून बाहेरचा पदर सुटतो आणि भिंतीला पोट येते. त्यात स्लॅबचे ऊन. काँक्रीट दर अंशाला लांबीच्या सुमारे एक लाखांशाने वाढते. दहा मीटर स्लॅब ३० अंशांच्या फरकाने तीन मिलिमीटर सरकतो. स्लॅबच्या बुडाशी भिंतीत जी आडवी चीर दिसते ती बहुधा याचीच. गवंडी ती दर दिवाळीला पुट्टी भरून बुजवतो आणि ती दर उन्हाळ्यात पुन्हा उघडते.

किल्लारीनंतर

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३.५६ वाजता, गणेश विसर्जन आटोपून गावे झोपलेली असताना, लातूर-धाराशिवच्या सीमेवर किल्लारीजवळ भूकंप झाला. तीव्रता सहाच्या थोडी वर होती, पण हजारो माणसे गेली. बहुतेक आपल्याच घराच्या दगडमातीखाली. काही घरांत लाकडी सांगाडा उभा राहिला आणि भिंती मात्र कोसळल्या. तोवर हा भाग भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात गणला जात असे. २००२ च्या नकाशात किल्लारीचा परिसर तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात आला.

जागतिक बँकेच्या मदतीने झालेल्या पुनर्वसनात काही गावे नव्या जागी वसली, तर फार मोठ्या संख्येने घरे जागच्या जागी मजबूत करायची ठरली. त्यासाठी वापरलेली एक युक्ती आजही उपयोगी आहे. भिंतीतला एक दगड हलकेच काढून आरपार भोक करायचे, त्यात दोन्ही टोके वाकवलेली आठ एमएमची सळई ठेवायची आणि भोक काँक्रीटने भरायचे. असे ठरावीक अंतराने केले की दोन पदर एकमेकांना धरून राहतात. भोक ठोकून पाडायचे नाही, पहारीने ढिले करायचे. हातोड्याच्या दणक्यांनी शेजारचे दगडच निसटतात. जोडीला माळवदावरची जादा माती कमी करणे आणि दारे-खिडक्यांच्या वर चारी भिंतींना फिरणारा काँक्रीटचा सलग पट्टा घालणे. पट्टा कोपऱ्यावर तुटला तर उपयोग नाही, सळ्या वळवून पुढच्या भिंतीत न्याव्याच लागतात. या स्वस्त उपायांना लोकांची पसंती तेव्हाही कमी होती आणि आजही कमीच आहे. भूकंपाने दगडाची धास्ती घातली आणि "स्लॅब म्हणजे मजबूत" हे मनात बसले. स्लॅबच्या खाली काय आहे हा विचार मागे पडला. २०२४ मध्ये हिंगोली-नांदेड-परभणी भागाला धक्के बसले तेव्हा भिंतींना तडे गेल्याच्या तक्रारी गावोगाव आल्या.

जुन्या भिंती ठेवून स्लॅब टाकायचाच असेल तर भार भिंतीवर न देता आतून कॉलम उभारून बीमवर घ्यावा आणि भिंतीला पूर्वीसारखे आडोशाचेच काम द्यावे. कॉलमचे खड्डे जुन्या पायाला लागून येतात, म्हणून एकदम सगळे खणत नाहीत. एक खणून, भरून, मग त्याच्या लांबचा दुसरा. पावसाच्या तोंडावर उघडा खड्डा ठेवणे म्हणजे भिंत बोलावून आत घेणे.

काळी माती

या मातीतले मॉन्टमोरिलोनाइट खनिज पाणी पिऊन फुगते आणि सुकताना आकसते. वैशाखात शेताला पडणाऱ्या भेगा घराखालीही असतात, फक्त दिसत नाहीत. घराच्या कडेची माती भिजते-सुकते आणि मधली तशीच राहते, त्यामुळे कोपरे वरखाली होतात आणि चौकटीच्या कोपऱ्यांतून तिरक्या चिरा जातात. चीर जिवंत आहे की थांबलेली, हे पाहायला तिच्यावर काचेची अरुंद पट्टी दोन्ही टोकांना सिमेंटने चिकटवतात आणि बाजूला तारीख लिहितात; पट्टी तडकली तर चीर जिवंत. उन्हाळ्यात चीर रुंदावून श्रावणात मिटत असेल तर दोष मातीचा; ती वर्षभर एकाच दिशेने वाढत असेल तर पाया खचतो आहे.

जाणते गवंडी मुरूम लागेपर्यंत खणतात. मुरूम हाताशी नसेल तर तळाला घंटेसारखा फुगवटा असलेले खांब सुमारे साडेतीन मीटर खोल नेतात, कारण त्याखाली ओलाव्यात हंगामी फरक फारसा पडत नाही. जुन्या घराच्या अरुंद गल्लीत मात्र त्यासाठीची खोदयंत्रे क्वचितच शिरतात. जोत्याची बीम काळ्या मातीवर टेकू देत नाहीत, खाली पोकळी ठेवतात. घराभोवती उताराचा काँक्रीटचा पट्टा, न्हाणीच्या सांडपाण्याला बंदिस्त वाट आणि भिंतीलगतचे झाड हलवणे, एवढ्यानेच बऱ्याच घरांच्या चिरा थांबतात.

पाणी, ऊन आणि थंडी

माळवद उतरवायला मोकळे दिवस म्हणजे चैत्र-वैशाख. नेमके तेव्हाच पारा चाळिशीपार असतो आणि पाणी आटलेले असते. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा वर्षी काँक्रीटला मारायला पाणी कुठून आणायचे? आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस पाणी लागते, उष्ण-कोरड्या हवेत आणि पीपीसी (राखमिश्रित) सिमेंटला किमान १०. आज बाजारात मिळणारे बहुतेक सिमेंट पीपीसीच असते. स्लॅबवर आळी करून पाणी साठवणे किंवा ओले गोणपाट प्लास्टिकखाली झाकणे, यात पाणी वाचते. सकाळ-संध्याकाळ पाइपने शिंपून दुपारी कोरडे ठेवणे हे क्युरिंग, म्हणजे काँक्रीट सतत ओले राखणे, नव्हे.

उन्हाळ्यात स्लॅब पहाटे सुरू करून ऊन चढण्याआधी संपवावा, सेंट्रिंग (स्लॅबखालचा तात्पुरता साचा) आणि खडी आधी भिजवून गार करावी. माल आवळतो म्हणून मिक्सरवरचा माणूस पाण्याची बादली वाढवतो, तिथे लक्ष हवे: एम २० प्रतीच्या काँक्रीटच्या मालाला ५० किलोच्या पोत्यामागे २७-२८ लिटरपेक्षा जास्त पाणी नको, आणि वाळू ओली असेल तर त्याहूनही कमी. बोअरचे पाणी बऱ्याच ठिकाणी खारट असते. सळईच्या काँक्रीटसाठीच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही.

थंडीचा संबंध येतो तो सेंट्रिंग काढताना. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवसांनी आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवसांनी काढायची आयएस ४५६ मधली मुदत तापमान १५ अंशांखाली जाणार नाही असे धरून दिली आहे. परभणी-नांदेडकडे पौषातल्या रात्री याहून बऱ्याच गार असतात आणि काँक्रीट सावकाश बळ धरते, तेव्हा सेंट्रिंगवाल्याला प्लेटा दुसऱ्या साइटवर न्यायची घाई असली तरी आठवडाभर जास्त थांबवावे.

गल्ली आणि जोते

गावातल्या गल्ल्यांत जुना रस्ता न उकरता त्यावरच नवा सिमेंट रस्ता होतो. दोन-तीनदा असे झाले की ओसरी रस्त्याच्या खाली जाते आणि पावसाचे पाणी घरातल्या चौकात उतरते. मग घरमालक आतली जमीन भराव टाकून, कोबा करून उचलतो. दार बुटके होते, आणि भरावाची ओल दगडी भिंतीत चढते. वरून सिमेंटचे प्लॅस्टर केले की ती ओल आतच कोंडते. अशा भिंतीला चुन्याचा गिलावा बरा.

जुने स्लॅब

सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या स्लॅबांत सळई अनेकदा सेंट्रिंगवरच टेकलेली असे, खाली कव्हर (सळई झाकणारा काँक्रीटचा थर) जवळजवळ नाही. गंजलेली सळई फुगते आणि खपल्या पडतात. प्लॅस्टरने झाकून भागत नाही: सुटलेले काँक्रीट ठोकून काढणे, सळई मागच्या बाजूनेही मोकळी करून ब्रशने घासणे, गंजरोधक लावणे, जास्त झिजली असेल तर जोडसळई देणे, मग पॉलिमरमिश्रित मसाल्याने भरणे, असा क्रम असतो. हे करताना खाली टेकू हवेतच. गळतीसाठी वर विटांच्या तुकड्यांचा कोबा करतात. चार इंची कोबा चौरस मीटरला दोनशे किलोच्या घरात जातो, म्हणून जुना कोबा फोडून उतरवल्याशिवाय त्यावर दुसरा चढवू नये, आणि नवा झाला की पन्हाळी बंद करून दोन दिवस पाणी भरून पाहावे.