ट्विन्सचा सर्वकालीन संघ : किलब्रूला उभं कुठे करायचं?

2024 मध्ये जो मावर पहिल्याच प्रयत्नात बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये निवडून आला आणि मिनेसोटा ट्विन्स या अमेरिकी बेसबॉल संघाचा सर्वकालीन संघ निवडण्याच्या चर्चेला पुन्हा जोर चढला. बऱ्याच जागांवर वाद नाही. सेंटर फील्डला कर्बी पकेट, सेकंड बेसला रॉड कॅरू, कॅचर (क्रिकेटच्या यष्टिरक्षकासारखा) मावर ही नावं जवळपास प्रत्येक यादीत असतात. पेच आहे तो हार्मन किलब्रूचा. तो संघात हवा यावर दुमत नाही, पण त्याला कुठे उभं करायचं हे ठरेपर्यंत बाकीच्या तीन जागा अडून राहतात. फर्स्ट बेस दिला तर केंट हर्बेक बाहेर बसतो, थर्ड बेस दिला तर गॅरी गायेटी, आणि लेफ्ट फील्ड दिलं तर बॉब ॲलिसन.

क्रिकेटमध्ये हा प्रश्न येत नाही. मुंबईचा सर्वकालीन संघ लावताना गावसकर स्लिपमध्ये उभा राहायचा की आणखी कुठे, याचा कुणी विचार करत नाही; तो सलामीला येतो, एवढं पुरतं. बेसबॉलमध्ये मात्र माणसाची ओळख त्याच्या क्षेत्ररक्षणाच्या जागेवरूनच होते, मग त्याची सगळी कीर्ती बॅटची का असेना.

अशा याद्यांची प्रथा जुनी आहे, पण तिला मोठं स्वरूप आलं 1969 मध्ये. व्यावसायिक बेसबॉलची शंभर वर्षं त्या वर्षी साजरी झाली आणि जागेनुसार सर्वोत्तम खेळाडू निवडण्यासाठी मतं मागवली गेली. सार्वकालिक सर्वश्रेष्ठ म्हणून बेब रूथचं नाव आलं, हयात खेळाडूंमध्ये जो डिमॅजिओचं. पुढे 2015 मध्ये प्रत्येक संघाचे चारच महान खेळाडू निवडण्याची टूम निघाली. ट्विन्सकडून कॅरू, किलब्रू, टोनी ओलिवा आणि पकेट निवडले गेले. चार नावांत जागेचा प्रश्नच उरत नाही, त्यामुळे ती निवड सोपी होती, आणि माझ्या मते त्याच कारणाने अपुरीही. संघ म्हटलं की शॉर्टस्टॉप लागतो, कॅचर लागतो. नुसती मोठी नावं एका ओळीत मांडून संघ होत नाही.

आता किलब्रूकडे. कारकिर्दीत फर्स्ट बेसवर त्याचे सामने साडेनऊशेहून जास्त, थर्ड बेसवर आठशेच्या थोडे आत, आणि लेफ्ट फील्डमध्ये पावणेपाचशेच्या आसपास. ज्यांना सामन्यांची संख्या हाच निकष वाटतो, त्यांच्यासाठी विषय इथेच संपतो आणि तो फर्स्ट बेसवर जातो. बहुतेक याद्या असंच करतात.

पण त्याने लीगमध्ये सर्वाधिक होमरन (चेंडू थेट मैदानाबाहेर धाडणारे फटके) मारले ती वर्षं एकेक करून पाहिली तर चित्र वेगळं दिसतं. अशी वर्षं सहा. 1959 मध्ये 42 होमरन (बरोबरीत), तेव्हा तो थर्ड बेसवर होता. 1962 मध्ये 48, 1963 मध्ये 45, 1964 मध्ये 49. ही तिन्ही वर्षं त्याने लेफ्ट फील्डमध्ये काढली. 1967 मध्ये 44, पुन्हा बरोबरीत, आणि त्या वर्षी तो पूर्ण वेळ फर्स्ट बेसवर होता. शेवटचं 1969, पुन्हा 49. म्हणजे ज्या फर्स्ट बेसवर त्याला बसवलं जातं, तिथला निर्भेळ असा एकच मान त्याच्या नावावर आहे.

1969 हे वर्ष नीट पाहण्यासारखं आहे, कारण सर्वोत्तम खेळाडूचा किताब त्याला त्याच वर्षी मिळाला. 49 होमरन, 140 आरबीआय (त्याच्या फलंदाजीमुळे संघाला मिळालेल्या धावा), 145 वॉक (चार चुकीच्या चेंडूंमुळे फुकट मिळालेला बेस). संघाचे सगळे 162 सामने तो खेळला: थर्ड बेसवर 105 आणि फर्स्ट बेसवर 80. बेरीज 162 च्या वर जाते, कारण कित्येकदा एकाच सामन्यात त्याची जागा बदलली जायची. त्यामागे साधा व्यवहार होता. समोर उजव्या हाताचा पिचर (चेंडू टाकणारा) असला की डावखुरा रिच रीस फर्स्ट बेसवर यायचा आणि किलब्रू थर्ड बेसला सरकायचा. रीसने त्या वर्षी .322 ची सरासरी (दर हजार संधींमागे 322 हिट) राखली, म्हणजे ही अदलाबदल संघाला लाभली. उतारवयातल्या मोठ्या फलंदाजाला लपवायला फर्स्ट बेसवर धाडतात. इथे उलट झालं. दुसऱ्याची बॅट संघात बसावी म्हणून तेहतीस वर्षांच्या किलब्रूने अवघड बाजू घेतली. 1970 मध्ये तर तो बहुतेक सामने थर्ड बेसवरच खेळला, आणि ट्विन्सने दोन्ही वर्षं आपला विभाग जिंकला.

त्याचा ग्लोव्ह, म्हणजे क्षेत्ररक्षण, चांगला नव्हता, हे खरंच आहे. त्याचे हात मजबूत होते, पाय मंद. गायेटीचे चाहते नेमका हाच मुद्दा मांडतात आणि त्यांचं म्हणणं हलक्यात घेण्यासारखं नाही. 1986 ते 1989 अशी सलग चार वर्षं गायेटीला गोल्ड ग्लोव्ह (क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार) मिळाला, 1987 च्या विजेतेपदाच्या वाटेवर लीगच्या अंतिम मालिकेत तोच सर्वोत्तम खेळाडू ठरला. थर्ड बेसवरचं क्षेत्ररक्षण हाच निकष असेल तर गायेटीपुढे किलब्रू उभा राहत नाही.

लेफ्ट फील्डची बाजू घेणाऱ्यांचा विचार वेगळा. ट्विन्सच्या इतिहासात ती जागा सर्वांत कमकुवत, तिथे ॲलिसननंतर ठोस नाव सापडत नाही. किलब्रूला तिकडे नेलं की हर्बेकही राहतो, गायेटीही राहतो, कागदावरचा संघ सर्वांत भक्कम होतो. तीन सलग होमरन किताब पाठीशी असल्याने हा दावा पोकळही नाही. तरी मला तो पटत नाही. यात किलब्रूचा विचार कमी आणि रिकाम्या जागेचा जास्त आहे.

निकष कुठलाही घ्या, तो सगळ्यांना सारखा लावायला हवा, आणि गोंधळ होतो तो इथे. कॅरूचं उदाहरण घेऊ. 1977 मध्ये त्याने .388 ची सरासरी, 239 हिट आणि 100 आरबीआय असं वर्ष काढलं आणि सर्वोत्तम खेळाडूचा किताब मिळवला. त्या वर्षी तो फर्स्ट बेसवर होता; 1976 पासूनच त्याला तिकडे हलवलं होतं. मग सर्वांत गाजलेलं वर्ष धरायचं तर कॅरूलाही फर्स्ट बेसवर न्यायचं का? नाही, कारण त्याच्या सात फलंदाजी किताबांपैकी (लीगमधल्या सर्वोच्च सरासरीचा मान) पाच (1969 आणि 1972 ते 1975) सेकंड बेसवर खेळताना आले. 1970 मध्ये डबल प्लेच्या (एकाच वेळी दोघांना बाद करण्याच्या) वेळी धावपटू येऊन आदळल्याने त्याचा गुडघा दुखावला होता आणि हंगामाचा मोठा भाग वाया गेला. त्यानंतरही तो आणखी पाच वर्षं त्याच जागी खेळत राहिला. सेकंड बेस त्याचाच.

मावरची गोष्टही याच चौकटीत बसते. 2006, 2008 आणि 2009 चे फलंदाजी किताब आणि 2009 चा सर्वोत्तम खेळाडूचा मान, हे सगळं कॅचरचा मास्क घालून मिळवलेलं. ऑगस्ट 2013 मध्ये एक फाउल टिप (बॅटला निसटता लागून मागे गेलेला चेंडू) मास्कवर आदळली, मेंदूला मार बसला आणि 2014 पासून पाच वर्षं त्याने फर्स्ट बेसवर काढली. त्या पाच वर्षांवर पुष्कळ टीका झाली. मोठ्या कराराचा हिशेब मांडत लोकांनी त्याला बरंच सुनावलं. ती टीका मला तेव्हाही अन्यायाची वाटायची. 30 सप्टेंबर 2018 रोजी, कारकिर्दीच्या शेवटच्या सामन्यात, नवव्या इनिंगला तो कॅचरचा पूर्ण सरंजाम चढवून बाहेर आला, एकच चेंडू झेलला आणि आत गेला. आपली जागा कुठली, हे त्याने स्वतःच सांगून टाकलं.

राइट फील्डचं त्या मानाने सरळ आहे. ओलिवाने 1964, 1965 आणि 1971 मध्ये फलंदाजीचे किताब घेतले. पुढे गुडघ्यांनी दगा दिला. 1973 मध्ये डेझिग्नेटेड हिटरचा (डीएच, म्हणजे पिचरऐवजी फक्त फलंदाजी करणारा) नियम आला आणि त्या भूमिकेतला नियमित हंगामातला पहिला होमरन ओलिवाच्याच बॅटमधून निघाला. म्हणून काहीजण त्याला डीएचच्या जागी टाकतात. ती जागा नेल्सन क्रूझसारख्याला देता येते, ओलिवाला तिकडे सारण्याची गरज नाही. शॉर्टस्टॉपवर सोइलो व्हर्सायस, 1965 चा सर्वोत्तम खेळाडू, पण ते एक वर्ष सोडलं तर हाती फार लागत नाही. पिचरमध्ये बर्ट ब्लायलेव्हन, जिम कॉट आणि दोन वेळा सर्वोत्तम पिचरचा साय यंग किताब घेणारा योहान सांताना. 1991 च्या जागतिक मालिकेच्या सातव्या सामन्यात दहा इनिंग एकही धाव न देणारा जॅक मॉरिस ट्विन्सकडून फक्त एक हंगाम खेळला; त्या एका रात्रीसाठी त्याला संघात घ्यावं असं म्हणणारे आहेत, पण मी त्यांच्यातला नाही.

आता मुळातला प्रश्न. ट्विन्सचा इतिहास कधी सुरू होतो? मैदानावर ट्विन्स 1961 मध्ये उतरले, पण क्लब जन्मला 1901 मध्ये, वॉशिंग्टनमध्ये. 1960 चा हंगाम संपल्यावर तो मिनेसोटाला हलला. किलब्रू, ॲलिसन, कॉट, व्हर्सायस हे तिथूनच सोबत आले. वॉशिंग्टनला लगेच जुन्या क्लबच्याच नावाचा नवा संघ मिळाला. तोही 1971 नंतर टेक्ससला गेला, आणि 2005 मध्ये माँट्रियलचा संघ राजधानीत आला. परिणाम असा, की वॉशिंग्टनच्या जुन्या खेळाडूंचे आकडे एका शहरात आणि पुतळे दुसऱ्या शहरात. पिचर वॉल्टर जॉन्सनचा पुतळा वॉशिंग्टनच्या आजच्या मैदानाबाहेर आहे. तिथल्या सन्मानपटावर किलब्रूचंही नाव आहे.

मिनेसोटातल्या बहुतेक याद्या 1961 पासून सुरू होतात. आमच्या डोळ्यांसमोर जे खेळले तेच आमचे, असा तो भाव, आणि चाहत्याच्या बाजूने तो समजण्यासारखा आहे. तरी मला यात एक गोष्ट खटकते. 1978 च्या सप्टेंबरमध्ये वसीका या गावी एका सेवाभावी क्लबपुढे बोलताना तेव्हाच्या मालकांनी संघ मिनेसोटाला का आणला हे सांगून टाकलं: इथे कृष्णवर्णीयांची वस्ती कमी आहे, हे कळलं म्हणून. श्रोत्यांत एक पत्रकार बसला होता, बातमी छापून आली आणि राज्यभर संताप उसळला. कॅरूने अशा मालकासाठी आपण खेळणार नाही असं उघड सांगितलं आणि 1979 च्या सुरुवातीला तो कॅलिफोर्नियाच्या संघात गेला. त्या मालकांचा मैदानाबाहेरचा पुतळा जून 2020 मध्ये क्लबने हटवला. सेकंड बेसवर कॅरूचं नाव अभिमानाने लिहायचं आणि तो का गेला याची मुळं ज्या स्थलांतरात आहेत त्याच्या आधीची साठ वर्षं गाळायची, हे मला जमत नाही.

ही वर्षं धरली की संघ बराच बदलतो. पहिला पिचर म्हणून जॉन्सनशिवाय दुसरं नाव घेताच येत नाही: 417 विजय, 110 शटआउट (प्रतिस्पर्ध्याला एकही धाव न दिलेले सामने), आणि 1924 च्या जागतिक मालिकेच्या सातव्या सामन्यात राखीव पिचर म्हणून येऊन बाराव्या इनिंगपर्यंत किल्ला लढवून मिळवलेला विजय. शॉर्टस्टॉपवर जो क्रोनिन येतो, ज्याने 1933 मध्ये वयाच्या सव्विसाव्या वर्षी मॅनेजर आणि खेळाडू या दुहेरी भूमिकेत लीग जिंकून दिली. फर्स्ट बेसवर हर्बेकची गाठ मिकी व्हर्ननशी पडते, आणि दोन फलंदाजी किताब असलेल्या व्हर्ननला बाजूला सारणं सोपं नाही. तिथे मी हर्बेककडेच झुकतो: ब्लूमिंग्टनमध्ये वाढलेला, सगळी चौदा वर्षं एकाच संघात, 293 होमरन आणि दोन विजेतेपदं.

लेफ्ट फील्डला गूस गॉसलिन, 1928 चा .379 सरासरीचा किताब घेऊन. तो आला की ज्या रिकाम्या जागेपायी किलब्रूला तिकडे न्यायचं म्हणत होते, ती रिकामी राहतच नाही. दुसरीकडे किलब्रूच्या थर्ड बेसच्या सामन्यांपैकी दोनशेहून अधिक सामने वॉशिंग्टनमधले आहेत, 1959 चा पहिला होमरन किताबही तिथलाच, त्याच जागेवरचा. 1961 पासून मोजणाऱ्यांच्या हिशेबातून हे सगळं गळून पडतं आणि मग फर्स्ट बेसचं पारडं जड दिसतं. 1901 पासून मोजलं तर पहिला होमरन किताब थर्ड बेसवर, सर्वोत्तम खेळाडूचं वर्ष मुख्यतः थर्ड बेसवर. किलब्रू थर्ड बेसवर, आणि चार गोल्ड ग्लोव्ह असूनही गायेटी राखीव.