गाणे, दुखावलेल्या भावना आणि नागपूरचा निकष

गाण्या-बजावण्यावरून भावना दुखावल्याची तक्रार नागपुराला नवी नाही. 1923 मध्ये मशिदीवरून वाजतगाजत दिंडी नेण्यास प्रशासनाने मनाई केली, तेव्हा ती मोडण्यासाठी शहरात दिंडी सत्याग्रह झाला. तो तंटा शब्दांचा नव्हता, वाद्ये कोठे वाजावीत याचा होता. धार्मिक भावना मुद्दाम दुखावणारे शब्द गुन्हा ठरवणारे कलम 295-अ दंडसंहितेत 1927 मध्ये आले. लाहोरच्या एका पुस्तिकेवरून उठलेले वादळ त्यामागे होते. त्याच वर्षी नागपुरात मिरवणुकीवरून दंगल उसळली.

दुखावणे कोणाच्या मनावरून मोजायचे, याचे आजही उद्धृत होणारे उत्तर मात्र नागपूर उच्च न्यायालयाने दिले. 1947 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भगवतीचरण शुक्ल विरुद्ध मध्य प्रांत व वऱ्हाड सरकार या निकालात न्या. व्हिवियन बोस यांनी म्हटले की, शब्दांचा परिणाम समंजस, खंबीर आणि धैर्यवान माणसाच्या दृष्टीने जोखावा. प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्या डळमळीत मनाच्या दृष्टीने नव्हे. राज्यघटनेतील अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे कलम 19 अस्तित्वात येण्यापूर्वीचा हा विचार आहे, हे विशेष.

समाजमाध्यमे आल्यावर ही कसोटी बाजूला पडली. पालघर येथे 2012 मध्ये एका फेसबुक नोंदीवरून दोन तरुणींना अटक झाली. ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुरासाठी शिक्षा सांगणारे माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम 66-अ सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी रद्द केले, तरी गुन्हे नोंदवण्याची सवय काही सुटली नाही. एप्रिल 2023 मध्ये सत्ताधाऱ्यांवर टीका करणाऱ्या मराठी रॅप गाण्यांवरून राज्यात दोन गायकांवर गुन्हे दाखल झाले.

त्यानंतर, महाराष्ट्रातून आधीच राज्यसभेवर गेलेले कवी इम्रान प्रतापगढी यांच्यावर, ध्वनिचित्रफितीमागे वाजणाऱ्या एका कवितेवरून, गुजरातमधील जामनगर येथे गुन्हा नोंदला गेला. तो 28 मार्च 2025 रोजी रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने न्या. बोस यांच्याच शब्दांचा आधार घेतला. अभिव्यक्तीशी संबंधित आणि तीन ते सात वर्षे शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलिसांनी थेट गुन्हा न नोंदवता, वरिष्ठ अधिकाऱ्याच्या परवानगीने आधी प्राथमिक चौकशी करणे आणि ती 14 दिवसांत संपवणे योग्य ठरेल, असेही त्या निकालात सांगितले आहे.