डिमेन्शियाच्या रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्यांमधील नैराश्य : ताण आणि जनुके यांच्या शोधाची पार्श्वभूमी

डिमेन्शिया, म्हणजे स्मृती व विचारशक्ती ढासळत जाणारा विकार, झालेल्या माणसाची वर्षानुवर्षे शुश्रूषा करणाऱ्या दोघांपैकी एकाला नैराश्य ग्रासते आणि दुसरा तगून राहतो, असे का घडते, हा प्रश्न वैद्यकशास्त्राने फार उशिरा विचारला. डिमेन्शियाचे सर्वाधिक आढळणारे कारण असलेला, जर्मन वैद्य आलोइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये वर्णिलेला आजार दीर्घकाळ मध्यमवयीनांचा दुर्मीळ विकार समजला गेला आणि वृद्धांचे विस्मरण वार्धक्याच्या खाती टाकले गेले. १९७६ मध्ये अमेरिकी मेंदूविकारतज्ज्ञ रॉबर्ट कॅट्झमन यांनी ही विभागणी अमान्य करून वृद्धांमधील अल्झायमर हे मृत्यूचे एक प्रमुख कारण असल्याचे मांडले. ज्याला तोवर आजारच मानले जात नव्हते, त्याचा भार वाहणाऱ्यांकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही, यात नवल नाही.

हा भार मोजण्यासाठी स्टीव्हन झॅरिट आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. अवघ्या २९ काळजीवाहकांच्या त्या अभ्यासात भाराचा संबंध रुग्णाच्या लक्षणांशी नव्हे, तर इतर नातेवाईक किती वेळा भेटायला येतात याच्याशी आढळला. नमुना लहान असल्याने या निष्कर्षावर फार विसंबू नये हे खरे, पण पुढील संशोधनाची दिशा त्यात दिसते. १९९५ मध्ये जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर यांच्या चमूने दाखवले की डिमेन्शियाच्या नातेवाइकांची काळजी घेणाऱ्या स्त्रियांची लहानशी जखम भरून यायला इतर स्त्रियांपेक्षा सरासरी सुमारे नऊ दिवस अधिक लागतात. म्हणजे या ताणाचा परिणाम केवळ मनःस्थितीपुरता मर्यादित नव्हता.

तरीही समान ताणाखाली सारे समान खचत नाहीत. जुळ्यांच्या अभ्यासांवरून नैराश्याच्या प्रवृत्तीत आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ३७ टक्के असल्याचे अनुमान २००० मध्ये मांडले गेले होते. २००३ मध्ये अवशलोम कॅस्पी व सहकाऱ्यांनी न्यूझीलंडमधील डनेडिन येथील ८४७ तरुणांच्या माहितीवरून असा निष्कर्ष काढला की सिरोटोनिन या मेंदूतील संदेशवाहक रसायनाची वाहतूक करणाऱ्या प्रथिनाच्या जनुकाचे (‘आखूड’ व ‘लांब’ या दोन रूपांपैकी) ‘आखूड’ रूप असणाऱ्यांना आयुष्यातील आघातांनंतर नैराश्य येण्याची शक्यता अधिक असते. या कल्पनेच्या कसोटीसाठी काळजीवाहक हा गट सोयीचा होता, कारण त्यांचा ताण दीर्घ, खरा आणि ओळखता येणारा असतो. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ मध्ये काळजीवाहकांच्या गटात हे तपासले, तेव्हा स्त्रियांमध्ये आखूड रूप, तर पुरुषांमध्ये उलट लांब रूप, नैराश्याच्या अधिक लक्षणांशी जोडलेले दिसले. एकाच जनुकाची अशी परस्परविरोधी साक्ष मिळाली, तेव्हाच अधिक सावध व्हायला हवे होते, असे मागे वळून पाहता वाटते.

२००९ मध्ये १४ अभ्यासांतील सुमारे १४ हजार व्यक्तींच्या एकत्रित विश्लेषणात या जनुकाचा व ताणाचा संयुक्त परिणाम आढळला नाही. २०१९ मध्ये अशा १८ ‘संशयित’ जनुकांच्या प्रचंड मोठ्या तपासणीतूनही ठोस आधार मिळाला नाही. त्याच वर्षी आठ लाखांहून अधिक लोकांच्या जनुकीय माहितीवरून नैराश्याशी निगडित १०२ जनुकीय भिन्नता नोंदवल्या गेल्या, आणि त्यांतील प्रत्येकीचा परिणाम अत्यल्प होता. आनुवंशिक प्रवृत्ती खोटी ठरली नाही. ती एका जनुकात शोधण्याचा मार्ग खोटा ठरला. त्यामुळे काळजीवाहकाचा धोका अजमावताना त्याला किंवा त्याच्या जवळच्या रक्ताच्या नात्यात कोणाला पूर्वी नैराश्य आले होते का, ही साधी विचारपूस आजही एखाद्या जनुकाच्या चाचणीपेक्षा अधिक उपयोगी पडते.

आनुवंशिकतेचा विचार करताना पती-पत्नी आणि अपत्ये यांत भेद करावा लागतो. जोडीदाराचे रुग्णाशी रक्ताचे नाते नसते. अपत्याला मात्र ताणाबरोबरच रुग्णाच्या जनुकांचा काही वाटाही लाभलेला असतो.

ताणाची बाजू मात्र बदलता येते. मेरी मिटलमन यांनी न्यूयॉर्कमध्ये ४०६ जोडीदार-काळजीवाहकांवर केलेल्या दीर्घ प्रयोगात व्यक्तिगत समुपदेशनाच्या दोन बैठकींबरोबर इतर कुटुंबीयांसह चार बैठका घेतल्या गेल्या. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या गटातील नैराश्याची लक्षणे तुलना-गटापेक्षा कमी राहिली आणि हा फरक सुमारे तीन वर्षे टिकला.